पाय गरम पाण्यात ठेवताय? या चुका टाळा

कारखान्यांची धुराडी पेटली आणि हवेत कोरडा गारठा आला, की सांगलीत संध्याकाळी घरोघरी एक बादली पाणी जास्तीचं तापतं. मार्केट यार्डात दिवसभर पोती उचलणारे हमाल, तासगावकडच्या द्राक्षबागांत सकाळपासून उभ्या असलेल्या बायका, एस.टी.चे कंडक्टर, दुकानात बसायला खुर्चीच नसलेली पोरं, सगळ्यांचेच पाय रात्री बोलायला लागतात. कोमट पाण्यात पाय सोडून बसलं की बरं वाटतं, आणि त्यामागे कारणही आहे. उबेमुळे तळव्यांतल्या बारीक रक्तवाहिन्या रुंदावतात, रक्त पायांकडे वळतं, आखडलेले स्नायू सैल पडतात. झोपेलाही मदत होते. झोप लागण्याआधी शरीराच्या आतलं तापमान थोडं उतरावं लागतं, आणि पाय उबदार झाले की आतली उष्णता त्यांच्यावाटे बाहेर पडते. म्हणून अंथरुणाला पाठ टेकायच्या तासभर आधी पाय शेकलेले चांगले.

हे सगळे फायदे कोमट पाण्याचे आहेत आणि धडधाकट पायांसाठी आहेत. घोटाळा होतो तो पाणी फार कडक घेतल्यानं, फार वेळ बसल्यानं, आणि ज्या पायांना पाण्यात घालायलाच नको तेही घातल्यानं. यातली शेवटची चूक सगळ्यात महाग पडते, म्हणून तिच्यापासूनच सुरुवात करतो.

साखर असेल तर पाय पाण्यात ठेवून बसू नका

मधुमेह जुना झाला की पायांच्या नसा हळूहळू निकामी होतात. आधी मुंग्या येतात, मग रात्री तळव्यांची आग होते, आणि पुढे पाय बधिर होतात. चालताना पायातली चप्पल निसटली तरी कळलं नाही, असं घरातलं कुणी सांगत असेल तर ते हसण्यावारी नेऊ नका. त्या पायाला जमीन नीट कळत नाही, तसा चटकाही कळत नाही. असा माणूस उकळतीच्या जवळचं पाणी ओतून घेतो, “मला तर कोमटच लागतंय” म्हणतो, आणि सकाळी तळव्यावर मोठा फोड दिसतो. मधुमेहात जखम लवकर भरत नाही, तिच्यात जंतू शिरतात, आणि एका फोडापासून बोट काढायची वेळ येऊ शकते. पायांची आग होते म्हणून लोक पाय शेकायला बसतात, आणि ती आग हीच बधिरपणाच्या आधीची खूण असते. हे घरातल्या प्रत्येकाला माहीत असायला हवं, कारण पाणी तापवून देणारं बहुतेकदा दुसरंच कुणीतरी असतं.

मग अशांनी पायांची निगा कशी राखायची? रोज कोमट पाण्यानं आणि साध्या साबणानं पाय धुवायचे, लगेच टिपायचे, बोटांच्या बेचक्यांतलं पाणीही टिपायचं. तळव्याला आणि टाचेला तेल किंवा क्रीम लावायचं, बेचक्यांत मात्र लावायचं नाही. तळवा दिसत नसेल तर आरसा खाली ठेवून बघायचं, नाहीतर नातवाला बघायला सांगायचं. गरम पाण्याची पिशवीही पायाशी घेऊन झोपायचं नाही. वर्षातून एकदा तरी डॉक्टरांकडून पायांची संवेदना तपासून घ्यावी. नायलॉनचा एक बारीक धागा तळव्याला टेकवून ही तपासणी करतात, तिला सुई लागत नाही आणि वेळही फारसा लागत नाही.

तंबाखू-बिडीची जुनी सवय असलेल्यांनीही जपावं. थोडं चाललं की पोटऱ्या भरून येतात, थांबलं की बरं वाटतं, पाय कायम गार असतात, अशी लक्षणं असतील तर पायांच्या रक्तवाहिन्या अरुंद झालेल्या असू शकतात. “पाय गार पडलेत, जरा शेकते” असं म्हणून त्यांवर कडक पाणी घेणं धोक्याचं आहे. आधी डॉक्टरांना दाखवा.

पाणी हातानं जोखणं

जन्मभर तव्यावरची भाकरी हातानं उलटलेल्या बाईचा हात चटका मानत नाही. तिच्या हाताला कोमट वाटलेलं पाणी सासऱ्यांच्या पायाला भाजू शकतं. पाणी कोपरानं बघा, जसं तान्ह्या बाळाच्या आंघोळीला बघतात तसं. कोपराला सुखद ऊब लागली पाहिजे, हात मागे घ्यावासा वाटता कामा नये. थर्मामीटर असेल तर ३८ ते ४० अंश सेल्सिअस पुरे. गिझरचं पाणी ६० अंशांपर्यंत जाऊ शकतं, आणि तेवढ्या पाण्यात कातडी पाचेक सेकंदांत भाजते. ५० अंशांचं पाणी “सोसवतं” असं वाटतं, पण त्यातही काही मिनिटांत भाजतं.

टबात आधी गार पाणी घ्यायचं, मग गरम ओतायचं. मध्येच पाणी निवलं म्हणून आणखी ओतायचं असेल तर पाय बाहेर काढून ओता. पायांवरूनच तांब्या रिता करण्याची सवय फार घरांत आहे आणि भाजण्याचे बरेच प्रकार तिथेच होतात.

बादलीत हीटरचा रॉड लावून पाणी तापवत असाल तर आधी बटण बंद, मग प्लग बाहेर, मग रॉड बाहेर, आणि त्यानंतरच पाण्याला हात. लोखंडी किंवा स्टीलच्या बादलीत रॉड लावूच नका. घरात रांगतं पोर असेल तर तापलेली बादली जमिनीवर एकटी सोडून दार उघडायलासुद्धा जाऊ नका.

भेगा जाव्यात म्हणून तासभर बसणं

टाचांच्या भेगांसाठी बहुतेकजण पाय भिजवतात आणि बहुतेकांच्या भेगा त्यानंच वाढतात. कातडीच्या वरच्या थरात थोडं तेल असतं, ते आतला ओलावा धरून ठेवतं. गरम पाणी, साबण, शाम्पू, सोडा यांनी ते तेल निघून जातं. पाण्यात असताना टाच मऊ लागते, पण बाहेर काढून तशीच वाळू दिली की आधीपेक्षा कोरडी पडते आणि ताणली की फाटते. वर आपण घरात शहाबादी फरशीवर अनवाणी, बाहेर टाच उघडी राहणाऱ्या चपलांत. अंगाचा भार पडला की टाचेची गादी कडेनं पसरते आणि भेग आणखी खोल जाते.

दहा ते पंधरा मिनिटं बस झाली. बोटांना सुरकुत्या पडल्या म्हणजे जास्त झालं. आठवड्यातून दोन-तीनदा पुरतं, भेगा असतील तर रोज भिजवायची गरज नाही. टाच मऊ असतानाच वज्री हलक्या हातानं, एकाच दिशेनं फिरवा. एका बैठकीत सगळी जाड कातडी काढायची नसते. ब्लेड तर अजिबात नको. कुरूप कापायला ब्लेड घेणारी माणसं मी पाहिली आहेत, आणि त्यांतल्या काहींच्या जखमा महिनाभर चिघळलेल्याही पाहिल्या आहेत.

खरं काम यानंतर सुरू होतं. पाय टिपून घ्या आणि ओल पूर्ण उडायच्या आत टाचांना व्हॅसलीन, कोकमाचं तेल किंवा युरिया असलेलं क्रीम लावा. कोकमाचं तेल घट्ट वडीसारखं मिळतं, ते थोडं पातळ करून कोमट असतानाच भेगेत भरायचं. वर सुती मोजे घालून झोपायचं. पाय कितीही भिजवा, ही पायरी चुकली तर टाच सुधारत नाही, आणि नेमकी हीच पायरी कंटाळा येऊन सोडली जाते. भेगेतून रक्त येत असेल तर मात्र पाणी आणि वज्री दोन्ही थांबवा. आधी भेग भरू द्या.

पाण्यात काय काय टाकणं

मूठभर जाडं मीठ घातलं तर बिघडत नाही, पण त्यानं थकवा “ओढून निघतो” वगैरे काही होत नाही. एप्सम सॉल्ट म्हणजे मॅग्नेशियम सल्फेट. त्यातलं मॅग्नेशियम तळव्यांच्या कातडीतून शरीरात जाऊन स्नायूंना मिळतं, याला भक्कम आधार नाही. त्या पाण्यानं बरं वाटतं ते मुख्यतः उबेनं. महागाचं पाकीट घेतलं नाही म्हणून तुमच्या पायांचं काही अडत नाही. पाणी काळं झालं म्हणजे अंगातली घाण निघाली, असं दाखवणाऱ्या पुड्यांवर आणि यंत्रांवर एक रुपयाही खर्च करू नका. शरीरातलं नको ते गाळायचं काम मूत्रपिंडं आणि यकृत करतात, तळवे नाही.

लिंबू आणि व्हिनेगर भेगाळलेल्या पायावर झोंबतात, कातडी लाल करतात. खाण्याचा सोडा कातडी आणखी कोरडी करतो.

हळदीबद्दल सांगलीत बोलणं नाजूक आहे. इथल्या हळदीला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालं, आणि पेठेतून जाताना नाकाला जो वास येतो त्याचा मलाही अभिमान आहे. पण हळदीतला कर्क्युमिन हा मुख्य घटक पाण्यात फारसा विरघळत नाही. पाणी पिवळं होतं, पाय पिवळे होतात, भेगांत रंग बसतो, आणि मग तिथे लाली आलीय की पू झालाय हे दिसायचंच बंद होतं. हळद स्वयंपाकात राहू द्या.

सुजलेल्या पायांना शेक देणं

दिवसभर उभं राहून संध्याकाळी दोन्ही पाय जरासे जड झाले तर कोमट पाणी चालेल, पण त्याहून जास्त गुण पाय उंच ठेवण्यात आहे. पाठीवर पडून, पोटऱ्यांखाली दोन उशा, वीसेक मिनिटं. पोटऱ्यांवर निळ्या शिरा फुगलेल्या असतील तर गरम पाणी त्या शिरा आणखी सैल करतं आणि सूज वाढते. त्यांना साधं गार पाणी बरं.

बोटानं दाबलं की खड्डा राहतो, सकाळीही सूज उतरत नाही, दम लागतो, लघवी कमी होते, तर कारण पायात नाही. हृदय, मूत्रपिंड किंवा यकृत तपासायला हवं. गरोदर बाईच्या पायांबरोबर चेहरा-हातही सुजले, डोकं दुखू लागलं, तर त्याच दिवशी रक्तदाब बघून घ्या. आणि एकच पाय अचानक सुजला, पोटरी दुखते, गरम लागते, तर ना शेक ना मालिश. तिथे शिरेत रक्ताची गुठळी असू शकते. थेट दवाखाना गाठा.

मुरगळलेल्या पायालाही पहिले दोन दिवस गरम पाणी नको. बर्फ फडक्यात गुंडाळून लावा.

चिखल्या आणि पुराचं पाणी

चिखल्या ओलीनं होतात आणि ओलीनंच वाढतात. बेचक्यांतली कातडी पांढरी पडून खाज येत असताना पाय रोज भिजवणं म्हणजे बुरशीला खाऊ घालणं. पाय धुवा, बेचक्या कोरड्या करा, बुरशीवरचं मलम लावा, आणि खाज थांबली तरी डॉक्टरांनी सांगितले तितके दिवस लावत राहा. अशा माणसाचा टब आणि टॉवेल वेगळा ठेवा. टब साबणानं धुऊन उन्हात वाळवा.

कृष्णेचं पाणी आयर्विन पुलाजवळ ४५ फुटांची धोका पातळी ओलांडतं तेव्हा काय होतं हे सांगलीकरांना सांगायला नको. २०१९ आणि २०२१ दोन्ही वेळा लोकांनी गाळ उपसत अख्खे दिवस त्या पाण्यात काढले. घरी आल्यावर पाय गरम मिठाच्या पाण्यात बुडवले म्हणजे जंतू मेले, असा समज तेव्हाही होता. पुराच्या पाण्यातले लेप्टोस्पायरोसिस या तापाच्या आजाराचे जंतू खरचटलेल्या किंवा भिजून मऊ पडलेल्या कातडीतून आत शिरतात, आणि एकदा आत गेले की बाहेरच्या पाण्याचा त्यांवर काही उपाय चालत नाही. आल्या आल्या साबणानं स्वच्छ धुवा, कोरडे करा, शक्य तेव्हा गमबूट घाला. नंतरच्या महिन्याभरात ताप आला, पोटऱ्या दुखल्या, डोळे लाल झाले, तर पुराच्या पाण्यात उतरलो होतो हे डॉक्टरांना आठवणीनं सांगा.

वारीच्या आधी

पंढरीला पायी निघणारे काहीजण आदल्या दिवसांत पाय रोज भिजवून “तयार” करतात. उलट मऊ कातडीवर फोड लवकर येतात. वाटेत मुक्कामाला पाय धुवून कोरडे करा आणि मोजे बदला. फोड आलाच तर शेकू नका आणि वरची कातडी सोलू नका, ती खालच्या जखमेचं झाकण असते.

नखुरडं झालं असेल तर

इथे मात्र पाय भिजवणं हा खरा उपचार आहे. नखाच्या कडेला ठणकतंय, लाल झालंय, किंवा नख कडेच्या मांसात रुतू लागलंय, आणि मधुमेह नाही, तर कोमट पाण्यात पंधरा मिनिटं, दिवसातून तीन-चार वेळा पाय ठेवा. प्रत्येक वेळी नीट कोरडा करा. नख सरळ कापा, कोपरे गोल करू नका, आणि बोटं दाबणारे बूट काही दिवस बाजूला ठेवा. सुरुवातीचं नखुरडं एवढ्यानं बऱ्याचदा बसतं. दोन-तीन दिवसांत उतार पडला नाही, पू साठलेला दिसला, लाल रेघ पायावर वर चढू लागली किंवा ताप आला, तर पाणी बाजूला ठेवून डॉक्टरांकडे जा. सुईनं घरीच फोडायचा प्रयत्न करू नका.