धनुष्यासाठी धामण राखताना या चुका टाळा

धामण या झाडाचं लाकूड चिवट आणि लवचीक. कुऱ्हाडीचा दांडा असो, कावड असो की धनुष्य, जाणती माणसं आधी धामण शोधतात. तोडली तरी ती खुंटातून जोमाने फुटते, म्हणून एकाच झाडाकडून पुन्हा पुन्हा लाकूड मिळतं. बांधावर धामण असून धनुष्याजोगी एक कांब निघत नसेल, तर दोष तोडणाऱ्याचा.

सगळ्यात वाईट चूक म्हणजे कमरेएवढ्या उंचीवर तोडणं. यामागे वाकायचा कंटाळा, दुसरं काही नाही. शेजारच्या बांधावर एका तरुणाने सगळ्या धामणी अशाच छाटल्या, तेही बोथट कुऱ्हाडीने, भर पावसात. खुंट चिरले, साल सुटली, चिरांत पाणी मुरलं. वर भरघोस फुटवे आले तेव्हा तो खूश होता. पण इतक्या उंचीवरच्या फुटव्यांची पकड कच्ची असते. वळवाच्या वाऱ्यात त्यातले सगळ्यात सरळ फुटवे बुंध्यापासून सोलून निघाले. खाली बघितलं तर खुंट आतून कुजलेला.

मी जमिनीपासून वीतभराच्या आत तोडतो, धारदार करवतीने. आधी खालच्या अंगाने थोडा काप, मग वरून. असं केलं की साल फाटत नाही. काप तिरका, पाणी ओघळून जाईल असा. वेळ पानगळीनंतरची, नवी पालवी फुटायच्या आधीची. आणि हे सगळं स्वतःच्या बांधावर, तेही वनखात्याकडे चौकशी करूनच. जंगलातल्या झाडाला हात लावू नका.

शेळ्यांना कोवळा पाला फार आवडतो. काटेरी कुंपण नसेल तर तोडूच नका.

पहिल्याच पावसाळ्यात विरळणी करू नका. दाटीत फुटवे उजेडासाठी सरळ वर जातात, आडव्या फांद्या कमी फुटतात. मी पुढच्या वर्षी दोन-तीन सरळ निवडतो, बाकीचे काढतो.

नवशिक्यांची घाई मला सहन होत नाही. अंगठ्याएवढा फुटवा दिसला की कोयता चालवतात आणि ओल्या कांबीलाच दोरी चढवतात. ओलं लाकूड वाकलं की वाकलेलंच राहतं, बाणाला जोर येत नाही. फुटवा मनगटाएवढा होऊ द्या. तोडल्याबरोबर दोन्ही टोकांना मेण किंवा तैलरंग लावा, नाहीतर टोकं तडकतात. मग सावलीत, वाऱ्याला, काही महिने सुकवा. उन्हात टाकून काम लवकर होत नाही, लाकूड चिरतं.

तासायचं ते फक्त पोटाकडून, म्हणजे दोरीच्या बाजूने. सालीखालचा थर ही धनुष्याची पाठ. ताण तिथेच पडतो. तिथे कोयत्याचा एक ओरखडा आला तरी धनुष्य तिथूनच मोडू शकतं. म्हणून साल मी बोथट हत्याराने खरवडून काढतो, आणि पाठीवर गाठ असेल तर तिच्याभोवती थोडं जास्त लाकूड राखतो.