मुळांतल्या एटीपेजवर मिठाचा परिणाम मोजताय? या चुका टाळा

रोपांना मीठ दिलं, मुळं थंड खलात वाटली, एटीपेज (एटीपी हा ऊर्जेचा रेणू तोडणारं विकर; पेशीतले प्रोटॉन पंप याच जातीचे) मोजलं, आकडा खाली आला. लगेच वहीत नोंद: ‘मिठाने प्रोटॉन पंप मंदावला.’ जरा थांबा.

आधी मीठ कसं दिलं ते पाहा. एकदम 150 मिलीमोलर ओतलं तर मुळातलं पाणीच आधी बाहेर पडतं आणि तुम्ही मोजता तो धक्का. रोज 25 ते 50 मिलीमोलरने चढवा. शेजारी मॅनिटॉलची (मिठासारखंच पाणी ओढणारा, पण सोडियम नसलेला साखरेसारखा पदार्थ) रोपं हवीतच; 100 मिलीमोलर मिठाच्या तोडीला साधारण 185 मिलीमोलर मॅनिटॉल लागतं. त्याशिवाय सोडियमचा दोष कुठला आणि पाण्याच्या ओढीचा कुठला, हे कळणार नाही. द्रावणात कॅल्शियम कमी असेल तर सोडियम पेशीपटलावरचं कॅल्शियम हुसकावतो, पटल गळकं होतं आणि खापर पंपावर फुटतं.

मोठा घोळ मात्र पुढे आहे. एकूण एटीपेज म्हणजे बाजारातली गर्दी. पेशीपटलावरचा पंप 6.5 सामूच्या (पीएच) आसपास चालतो आणि व्हॅनाडेटने थांबतो. रिक्तिकेच्या पटलावरचा 8 च्या आसपास, तो नायट्रेटने. मायटोकॉन्ड्रियातलं एटीपेज थांबवायला अझाइड, आम्ल फॉस्फेटेज (फॉस्फेट सोडवणारं दुसरं विकर) थांबवायला मॉलिब्डेट. कित्येक पिकांत मिठाने रिक्तिकेचा पंप उलट वाढतो, सोडियम आत कोंडायला. दोन्हींची बेरीज केलीत तर हे दिसतच नाही.

व्हॅनाडेट घातलं तरी पंप थांबत नाही? बाटली उजेडात धरा. द्रावण पिवळसर असेल तर त्याचे रेणू एकमेकांना जोडले गेलेत. सामू 10 करून रंग जाईपर्यंत उकळा, गार करा, सामू पुन्हा जुळवा. रंग परतला तर पुन्हा उकळा.

विकर न घातलेल्या कोऱ्या नळीत निळा रंग (फॉस्फेट असल्याची खूण) आला तर विकराला बोल लावू नका. फॉस्फेटवाल्या साबणाने धुतलेल्या नळ्यांपायी माझा अख्खा आठवडा गेलाय. आम्लाने खंगाळा, मग ऊर्ध्वपातित पाणी.

मायक्रोसोमच्या (मुळं वाटल्यावर पटलाच्या तुकड्यांपासून बनलेल्या) बारीक पिशव्या बंद असतात, काहींत एटीपीची जागा आतल्या बाजूला राहते. मिठाने पटलातले लिपिड बदलले की बंद पिशव्यांचं प्रमाणही बदलू शकतं. म्हणून प्रत्येक नमुना ब्रिज-58 (पिशव्या उघडणारं साबणासारखं रसायन) घालून आणि न घालता, दोन्ही वेळा मोजा. ब्रिज घातल्यावर दोन्ही गटांचे आकडे जुळले, तर फरक पंपात नव्हता, पिशव्यांत होता.