कांद्याच्या भावावर प्रोजेक्ट? आधी लिलाव बघून या

एम.एस्सी. संख्याशास्त्राला स्वतंत्र प्रोजेक्ट लागला, की नाशिकमधली बरीच मुलं ‘कांद्याच्या भावाचा अभ्यास’ असं लिहून देतात. हा झाला विषय; प्रश्न अजून सापडायचाय. प्रश्न असा हवा: लासलगाव आणि पिंपळगाव बसवंत या दोन बाजार समित्यांतल्या उन्हाळ कांद्याच्या भावात एकाच दिवशी किती फरक पडतो, आणि एकीकडे आवक वाढली की तो फरक वाढतो का? उत्तर एका आलेखात मावणार नसेल, तर प्रश्न अजून कापा.

मग लॅपटॉप बंद करून सकाळची एसटी पकडा आणि लिलाव बघा. बोली वाहनागणिक लागते, भाव क्विंटलचा. दिवसअखेर त्याचे तीनच आकडे उरतात: किमान, कमाल, सर्वसाधारण. पेपरात तिसऱ्याला सरसकट ‘सरासरी’ म्हणतात, पण अ‍ॅगमार्कनेटवर, म्हणजे केंद्र सरकारच्या बाजारभावांच्या संकेतस्थळावर, तो ‘मोडल’ म्हणून येतो, म्हणजे आपला बहुलक: सगळ्यांत जास्त वेळा आलेला भाव. तोंडी परीक्षेत इथेच दांडी उडते.

डेटा अ‍ॅगमार्कनेटवरून फुकट मिळतो. मूळ फाइलला हात लावू नका. दुरुस्त्या वेगळ्या प्रतीत करा आणि प्रत्येकीचं कारण वहीत लिहा. १,५०० च्या जागी १५,००० दिसले, तर आधी त्या दिवशीचे किमान-कमाल बघा. रविवार, सण, संप या दिवशी लिलाव नसतो; जुन्या रिवाजाप्रमाणे अमावास्येलाही नसायचा. ती जागा रिकामीच ठेवा. मी तिथं शून्य भरलं होतं आणि अमावास्येला भाव कोसळतो असा थोर शोध लावला होता!

लाल आणि उन्हाळ कांदा एकत्र करू नका. उन्हाळ कांदा चाळीत महिनोन्‌महिने टिकतो, लाल टिकत नाही. त्यामुळे विकण्याची घाईही वेगळी.

आता आलेख काढा. ८ डिसेंबर २०२३ ची निर्यातबंदी आणि ४ मे २०२४ ला ती उठली, तिथं उभ्या रेघा मारा. बंदी दोन्ही बाजारांना एकदमच लागू होते, म्हणून भावांची वजाबाकी केली की तिचा बराचसा परिणाम निघून जातो. हा प्रश्न निवडण्याचा खरा फायदा हाच.

शेवटी प्रतिगमन (रिग्रेशन), म्हणजे एक आकडा बदलला की दुसरा किती बदलतो याचा अंदाज: भावातला फरक एका बाजूला, आवकेतला फरक दुसऱ्या. पण आजचा फरक कालच्यासारखाच असतो, त्यामुळे नेहमीच्या सूत्रानं प्रमाण त्रुटी (अंदाज किती डळमळीत आहे याचं माप) खोटीच लहान येते आणि सगळंच ‘सार्थ’, म्हणजे निव्वळ योगायोग नसलेलं, दिसतं. अवशेषांचा (प्रत्यक्ष आकडा वजा अंदाज) स्वसहसंबंध, म्हणजे आजच्याचं कालच्याशी नातं, तपासा. असेल तर हे नातं हिशेबात धरणाऱ्या न्यूई-वेस्टच्या प्रमाण त्रुटी वापरा. आर किंवा पायथन, दोन्ही संगणकभाषांत ते एका ओळीचं काम आहे.

संबंध नाहीच सापडला तर तसंच लिहा, विश्वासमर्यादांसह. सरांना दर पंधरा दिवसांनी एकच पान दाखवा: एक आलेख, एक अडचण. जाड फाइल कुणी वाचत नाही.