जुन्या फोर्ड एफ-१०० ला मागच्या एक्सलचा कोणता रेशो बसवावा

१९५७ नंतरच्या बहुतेक एफ-१०० पिकअपना मागे फोर्डचा ९ इंची एक्सल असतो. त्याचा क्राऊन (मोठं दातेरी चक्र) आणि पिनियन (त्याला फिरवणारं छोटं चक्र) यांचा अख्खा संच, चाकांचे दांडे ओढून दहा नट काढले की पुढच्या बाजूने बाहेर येतो. बदलणं इतकं सोपं असल्यामुळे हिशोब न करताच ‘हायवेला बरा’ म्हणून ३.०० बसवला जातो आणि मग चढावर क्लच जळतो. (एफ-२५० ला बहुधा डाना ६० एक्सल असतो, त्याला हा संच बसत नाही.)

३.७० रेशो म्हणजे चाकाच्या एका फेऱ्याला प्रोपेलर शाफ्टचे ३.७० फेरे. आकडा मोठा तशी ओढ जास्त, पण त्याच वेगाला इंजिनही जास्त फिरतं.

आधी गाडीत सध्या काय आहे ते बघा. संचाच्या एखाद्या नटाखाली पत्र्याची छोटी पट्टी असते. तिच्यावर ‘३ ५०’ असेल तर साधा डिफरन्शियल, ‘३एल५०’ असेल तर लिमिटेड स्लिप (एकच चाक मोकळं घसरू न देणारा). पट्टीवर विसंबू नका, पन्नास-साठ वर्षांत संच बदललेला असू शकतो. स्वतः मोजा. पुढच्या चाकांना ओट लावा, गिअर न्यूट्रल करा, हँडब्रेक सोडा, मागचं एकच चाक उचलून स्टँडवर घ्या. शाफ्टवर आणि टायरवर खडूने खूण करा आणि उचललेलं चाक वीस फेरे फिरवा. दुसरं चाक जमिनीवर असल्याने हे क्राऊनचे दहा फेरे होतात. शाफ्ट ३७ वेळा फिरला तर ३.७०, ३५ वेळा फिरला तर ३.५०. दोनच फेरे फिरवले तर हा फरक डोळ्यांना कळत नाही. लिमिटेड स्लिप असेल तर दोन्ही चाकं उचलून दहा फेरे मोजा.

आता टायर. बाजूवर छापलेल्या मापावरून व्यास काढू नका, वजनाखाली टायर दबतो. नेहमीची हवा भरा, टायरवर आणि जमिनीवर खूण करा, गाडी ढकलून चाकाचा एक पूर्ण फेरा होऊ द्या आणि जमिनीवरचं अंतर मोजा. २३५/७५ आर १५ टायरला ते साधारण २.२३ मीटर येतं. मग ताशी किलोमीटर गुणिले १६.६७ गुणिले रेशो, भागिले हे अंतर मीटरमध्ये: उत्तर म्हणजे टॉप गिअर १:१ असताना इंजिनचे मिनिटाला फेरे. या टायरवर ताशी १०० ला ४.११ वर सुमारे ३०७०, ३.७० वर २७६५, ३.५० वर २६१५, ३.२५ वर २४३० आणि ३.०० वर २२४० येतात.

१९६५ पासून आलेलं ३०० घनइंची सहा सिलिंडरचं इंजिन कमी फेऱ्यांतच चांगलं ओढतं. हायवेला ते २००० ते २५०० मध्ये ठेवा. रिकाम्या गाडीला, सपाट रस्त्यावर ३.२५ छान जमतो. पण पहिला गिअरही तपासा. त्याचा रेशो आणि एक्सलचा रेशो यांचा गुणाकार मॅन्युअल गाडीत दहाच्या खाली जाऊ देऊ नये. टी-१८ या चार गिअरच्या मॅन्युअल गिअरबॉक्सचा पहिला ६.३२ आहे, म्हणजे ३.२५ सोबत २०.५, तिथे काळजी नाही. तीन गिअरच्या बॉक्सला असा आधार नसतो. लाकूड, रेती, ट्रेलर ओढायचा असेल तर ३.५० च्या खाली उतरू नका. एओडी (फोर्डची चार गिअरची ओव्हरड्राइव्ह ऑटोमॅटिक) बसवली असेल तर उलट विचार करा. तिचा चौथा ०.६७ आहे. ३.०० सोबत ताशी १०० ला इंजिन जेमतेम १५०० वर राहतं, गाडी थरथरते आणि बॉक्स सारखा तिसऱ्यावर उतरतो. एओडीला ३.७० किंवा ३.८९ घ्या.

जुना संच विकत घेताना एक्सलच्या दांड्याच्या टोकावरचे उभे दाते (स्प्लाइन) मोजा: २८ आणि ३१ एकमेकांत बसत नाहीत. क्राऊन आणि पिनियन कायम जोडीनेच घ्यावेत. ३.००, ३.२५ आणि ३.५० च्या कंपनीच्या मूळ जोड्यांवर रंगाच्या खुणा असतात, त्या जुळवूनच दाते बसवा. या जोड्यांत ठरावीक दात ठरावीक दातांनाच भेटतात, खुणा चुकल्या तर संच आवाज करतो.

उतरवताना दोन्ही दांडे आधी बाहेर ओढावे लागतात. प्रत्येक दांड्याच्या बेअरिंगच्या पट्टीला चार नट असतात, फ्लँजच्या भोकातून त्यांना पाना लागतो. संच तीसेक किलोचा आहे, खाली जॅक ठेवा. बसवताना दहाही नटांखाली तांब्याचे नवे वॉशर घाला, नाहीतर आट्यांतून तेल पाझरतं.

नवी जोडी स्वतः जुळवणार असाल तर शिमकडे (जागा जुळवायच्या पातळ चकत्यांकडे) फार लक्ष द्या. ९ इंचीत शिम पिनियनच्या कार्ट्रिजच्या (पिनियन आणि त्याची बेअरिंग धरणाऱ्या सुट्या भागाच्या) आणि केसच्या मध्ये असतात, म्हणून जाड शिम पिनियनला क्राऊनपासून दूर नेते. दुसऱ्या एक्सलवर शिकलेले इथेच चुकतात. दातांना मार्किंगचा लेप लावून फिरवा. छाप दाताच्या मुळाशी आला तर पिनियन फार आत आहे, टोकाशी आला तर फार बाहेर. दातांमधला प्ले बाजूच्या गोल नटांनी ०.२० ते ०.३० मिमी ठेवा आणि क्राऊनवर चार ठिकाणी मोजा.

तेल ८०डब्ल्यू-९०, जीएल-५, भरायच्या भोकाच्या कडेपर्यंत. लिमिटेड स्लिपला फ्रिक्शन मॉडिफायर (तेलात मिसळायचं द्रव्य) घालायलाच हवा. नवी जोडी असेल तर पहिले २५-३० किलोमीटर हळू चालवून एक्सल पूर्ण थंड होऊ द्या आणि हे दोन-तीनदा करा. पहिले ८०० किलोमीटर ट्रेलर लावू नका, मग तेल बदला. नवे दात एकदा फार तापले की मऊ पडतात आणि पुढे कायम घुमतात.

स्पीडोमीटरची केबल गिअरबॉक्सवरून निघते, त्यामुळे काटाही चुकेल. ३.७० वरून ३.२५ केला तर खऱ्या १०० ला तो ८८ दाखवेल. केबलच्या टोकाचं छोटं गिअर त्याच प्रमाणात बदला: १८ दातांच्या जागी १६.