फोन बंद पडल्यावरचं निरोप केंद्र: वस्तीतल्या माणसांनी ते कसं चालवायचं

२५ जुलै २०२४ ला पुण्यात मुठा नदीला पूर आला, त्या सकाळी माझ्या फोनवर एक निरोप आला. ‘एकतानगरीत आजी अडकल्यात, ऑक्सिजन संपत आलाय, बोट पाठवा.’ तोच निरोप दुपारी आला, रात्री आला आणि दुसऱ्या दिवशी बँकेच्या रांगेत एका बाईंनी मला काळजीने दाखवला. आजींना पहिल्या तासाभरातच बाहेर काढलं होतं, हे मला पुढे त्यांच्या शेजारणीकडून कळलं. निरोपात इमारतीचं नाव नव्हतं, मजला नव्हता, कोणी दिला आणि किती वाजता दिला तेही नव्हतं. पुढे पाठवणाऱ्या प्रत्येकाला मदतच करायची होती.

मी १९७६ साली पुण्यात टेलिफोन ऑपरेटर म्हणून लागले. ट्रंक कॉल, म्हणजे परगावचे फोन, जोडून देणं हे माझं काम. एक आकडा चुकला तर माणूस भलत्याच घरी बोलतो, हे अंगात भिनलेलं. म्हणून तो बिनवेळेचा, बिनपत्त्याचा निरोप मला फार लागला. त्या पावसाळ्यानंतर सिंहगड रस्त्यावरच्या आमच्या ७ सोसायट्या आणि मागची वस्ती मिळून आम्ही निरोप केंद्र उभं केलं. माझा भाचा सिएटलला असतो. तिथे मोठ्या भूकंपाची टांगती तलवार आहे, म्हणून रहिवाशांनी मोहल्ल्यामोहल्ल्यांत अशी केंद्रं ठरवून ठेवली आहेत. न्यूझीलंडमध्ये वेलिंग्टनलाही आहेत. कल्पना त्याच्याकडून ऐकली, पण इथे ती चालवायची तर नदी आपली, नाले आपले आणि माणसंही आपलीच.

आधी एक गोष्ट पक्की करा. हे केंद्र कोणाची सुटका करत नाही. पाण्यात उतरणं अग्निशमन दलाचं आणि एनडीआरएफचं काम. एनडीआरएफची ५ वी बटालियन आपल्या तळेगावजवळ सुदुंबऱ्यातच आहे. कोण, कुठे, किती जण, कशाची गरज, हे अचूक टिपून त्यांच्यापर्यंत पोचवायचं आणि त्यांच्याकडून आलेली खरी बातमी वस्तीला सांगायची, एवढंच आपलं काम. २०२४ च्या त्याच पहाटे डेक्कनजवळ पुलाच्या वाडीत विजेचा धक्का बसून ३ तरुण गेले. साचलेल्या पाण्यात वीज दिसत नाही. आमच्या केंद्रावरचं कोणी पाण्यात पाऊल टाकत नाही. हा नियम पोरांकडून मी तोंडपाठ म्हणवून घेते.

जागेवरून आमच्याकडे दोन महिने वाद झाला. पहिली पसंती सोसायटीच्या पार्किंगला होती, कारण छप्पर आहे. पण तेच पार्किंग सर्वांत आधी भरतं. मग कोणीतरी रस्त्यापलीकडची, कालव्याच्या बाजूची मोकळी जागा सुचवली. आमचा भाग असा की एकीकडे मुठा, दुसरीकडे उजवा कालवा. २७ सप्टेंबर २०१८ ला जनता वसाहतीजवळ तो कालवा फुटला आणि दांडेकर पुलापर्यंत घरांत पाणी शिरलं, तेही ऊन पडलेलं असताना. म्हणजे नदीपासून लांब गेलो की सुटलो, असं नाही. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याला पूर आला, तेव्हा टांगेवाले कॉलनीत भिंत पडून माणसं दगावली. त्यामुळे कंपाउंडच्या जुन्या भिंतीला टेकून टेबल मांडायचं नाही, मोठ्या झाडाखाली नाही, विजेच्या डीपीजवळ तर नाहीच. शेवटी ज्येष्ठ नागरिकांचं विरंगुळा केंद्र ठरलं. ते चढावर आहे, बाहेर ओटा आहे, रात्री वस्तीतून चालत पोचता येतं. किल्ल्या तीन घरांत आहेत. भूकंप झाला तर आत जायचंच नाही, समोरच्या मैदानात ताडपत्री टाकून बसायचं.

माणसं जमवताना फलक लावून बैठक बोलावली, तर आम्ही ९ जण आलो आणि नऊच्या नऊ साठीच्या पुढचे. मग मी उलट्या बाजूने गेले. ज्यांची आधीच एकमेकांना सवय आहे, त्यांच्याकडे. गणपती मंडळाची पोरं मांडव घालतात, रात्रपाळीला बसतात, गर्दी वळवतात. त्यांना शिफ्ट म्हणजे काय ते सांगावं लागत नाही. सकाळच्या हास्य क्लबातली मंडळी वेळेची पक्की. धुण्याभांड्याच्या मावशींना कोणत्या घरात कोण एकटं आहे, कोणाला इन्सुलिन लागतं, कोणाचा दरवाजा आतून अडकतो, हे सोसायटीच्या सेक्रेटरीपेक्षा चांगलं माहीत असतं. आमच्या केंद्राचा अर्धा नकाशा दोन मावशींनी सांगून काढलाय. वॉचमनला विसरू नका. तो सर्वांत आधी जागा असतो.

आता आमची २६ नावं आहेत, आणि त्यातली दहा आली तरी केंद्र चालेल असं गृहीत धरलंय. प्रत्येकाने आधी आपलं घर पाहायचं. घरची माणसं सुरक्षित, गॅस बंद, मेन स्विच बंद, दारावर ‘केंद्रावर गेलोय’ अशी चिठ्ठी, मग निघायचं. घर वाऱ्यावर सोडून आलेल्या माणसाचं लक्ष टेबलावर राहत नाही.

केंद्र उघडायचं कधी? इथे सगळ्यांची पहिली चूक होते: ‘आम्ही फोन करून कळवू.’ अहो, फोनच नसणार आहे. मोबाइलच्या टॉवरची बॅटरी वीज गेल्यावर काही तासच चालते, आणि त्याआधीच सगळे एकदम फोन करतात म्हणून लाइन तुंबते. (अशा वेळी कॉलपेक्षा साधा एसएमएस जाण्याची शक्यता जास्त, हे घरोघरी सांगून ठेवा.) आमची खूण अशी: वीज नाही, अर्धा तास फोन लागत नाही आणि बाहेर पाणी चढतंय किंवा जमीन हललीय, तर कोणाच्याही निरोपाची वाट न पाहता निघायचं. पहिले दोघं पोचले की केंद्र उघडलं. एकट्याने उघडायचं नाही. अध्यक्ष, उपाध्यक्ष असलं काही आम्ही ठेवलेलं नाही. जो आधी येईल तो वहीत वेळ लिहितो आणि खुर्चीवर बसतो.

कामं चार. दाराशी एकजण: आलेल्याला बसवायचं, पाणी द्यायचं, ‘सांगायचंय की विचारायचंय?’ एवढंच विचारायचं. हे काम शांत आवाजाच्या माणसाला द्या. टेबलाशी दोघं लिहिणारे. फळ्याशी एकजण. आणि निरोपे, म्हणजे चालत किंवा सायकलवर चिठ्ठी नेणारे, नेहमी जोडीने. चार तासांची पाळी, त्यापुढे नाही. थकलेला माणूस आकडे चुकवतो. मी रात्रपाळ्या केल्यात, मला माहीत आहे.

आता निरोप. या भागावर वेळ घालवा, बाकीचं थोडं कमी झालं तरी चालेल. निरोप आधी कागदावर, मग तोंडी. फुलस्केप वही, मध्ये कार्बन पेपर. वरची प्रत निरोप्याबरोबर जाते, खालची केंद्रात राहते. पेन नको, पेन्सिल. पावसात शाई पसरते. प्रत्येक निरोपाला क्रमांक, वेळ आणि देणाऱ्याचं नाव. त्यानंतर एक रकाना आमच्या वहीत मी हट्टाने घातला: ‘स्वतः पाहिलं की ऐकलं?’ या एका प्रश्नाने निम्म्या अफवा टेबलावरच थांबतात. मग ठिकाण, मग माणसं किती, मग काय हवं. नमुना असा:

‘क्र. १४. लाइटनिंग. वेळ ९.४०. देणारा: बी विंगचा वॉचमन, स्वतः पाहिलं. ठिकाण: नदीकडच्या गल्लीत मारुतीच्या देवळापासून तिसरी इमारत, तळमजला, जिन्यामागची खोली. माणसं २, एक ८० च्या पुढची, चालता येत नाही. पाणी गुडघ्याएवढं, चढतंय. हवं: बोट, उचलायला माणसं.’

लाइटनिंग हा शब्द जुन्यांना आठवेल. ट्रंक कॉल तीन प्रकारचे असत: ऑर्डिनरी, अर्जंट आणि लाइटनिंग. तीच वर्गवारी आम्ही घेतली. जीव धोक्यात असेल तर लाइटनिंग, हातातलं सोडून आधी तो. काही तासांत बिघडेल ते अर्जंट: इन्सुलिन, डायलिसिस, तान्ह्या बाळाचं दूध. बाकी सगळं ऑर्डिनरी. वर्ग लिहिणाऱ्याने ठरवायचा, सांगणाऱ्याने नाही, कारण घाबरलेल्या माणसाला स्वतःचा प्रत्येक निरोप लाइटनिंगच वाटतो आणि त्यात त्याची चूक नाही.

आकडे सुटे वाचा. मराठीत एकोणसाठ आणि एकोणसत्तर गोंगाटात सारखेच ऐकू येतात. ‘पाच, नऊ’ म्हणा. समोरच्याकडून परत म्हणवून घ्या. एकाच नावाच्या सोसायट्या आपल्याकडे ढिगाने आहेत, म्हणून नावाबरोबर खूण हवीच: देऊळ, गिरणी, शाळेचं फाटक. निरोप पोचला की निरोप्या परत येऊन ‘कोणाला दिला, किती वाजता’ ते खालच्या प्रतीवर लिहितो. तोपर्यंत तो निरोप अपुराच धरायचा. आजींच्या निरोपाला ही शेवटची ओळ असती, तर तो दोन दिवस फिरला नसता.

फळे तीन. एकावर ‘हवंय’, दुसऱ्यावर ‘देऊ शकतो’: कोणाकडे जनरेटर, कोणाकडे रिकामी खोली, कोण नर्स. तिसरा ‘सुखरूप’. त्यावर माणूस स्वतः येऊन नाव, वेळ आणि कुठे जातोय ते लिहितो.

या तिसऱ्या फळ्याचं कारण माझ्या घरात आहे. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं तेव्हा मी पाच वर्षांची. आम्ही नारायण पेठेत राहायचो, वडील खडकीला दारूगोळा कारखान्यात कामावर. मुठेवरचे पूल पाण्याखाली गेले आणि शहराचे दोन तुकडे झाले. आई मला कडेवर घेऊन पर्वतीकडे नातलगांकडे गेली. वडील जिवंत आहेत हे तिला दुसऱ्या दिवशी संध्याकाळी कळलं, एका अनोळखी सायकलवाल्याने आणलेल्या चिठ्ठीवरून. त्यावर ‘ठीक आहे, कारखान्यातच आहे’ आणि खाली वेळ, एवढंच. आईने ती चिठ्ठी देवघरात ठेवली होती.

वॉकीटॉकीबद्दल पोरांना उत्साह फार, म्हणून नीट सांगते. ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झमधले, अर्ध्या वॅटपर्यंतचे मान्यताप्राप्त संच २०१८ च्या नियमांनुसार परवान्याशिवाय वापरता येतात. ऑनलाइन स्वस्तात मिळणारे जास्त ताकदीचे संच परवान्याशिवाय वापरणं बेकायदा आहे. ते घेऊ नका. अर्ध्या वॅटचा आवाज काँक्रीटच्या इमारतींमधून फार लांब जात नाही. आम्ही एक संच केंद्रावर आणि दुसरा सर्वांत उंच इमारतीच्या गच्चीवर ठेवतो. बटण दाबून एक क्षण थांबा, मग बोला, नाहीतर पहिला शब्द कापला जातो आणि तो बहुधा ‘नाही’ असतो. त्यापुढच्या अंतरासाठी हॅम, म्हणजे हौशी रेडिओवाला हवा. हॅमला परीक्षा द्यावी लागते, परवाना केंद्र सरकारच्या दूरसंचार विभागाकडून मिळतो. किल्लारीच्या भूकंपात १९९३ साली आणि भूजला २००१ साली हॅम मंडळींनी निरोप पोचवले. तुमच्या भागात कोणी असेल तर शोधा. आमच्याकडे मंडळातली एक मुलगी अभ्यास करतेय. तोवर सायकल. अग्निशमन केंद्र आणि क्षेत्रीय कार्यालय, दोन्हीकडे जाणारा, नाला न ओलांडणारा रस्ता आम्ही प्रत्यक्ष जाऊन मोजलाय. क्षेत्रीय कार्यालयात लेखी कळवून ठेवलंय की असं केंद्र आहे आणि इथून चिठ्ठी येईल. थोडा वेळ जरी लाइन मिळाली तरी हाताशी असावेत म्हणून ११२, १०१, १०८ आणि जिल्हा नियंत्रण कक्षाचा १०७७ केंद्राच्या सामानाच्या पेटीच्या झाकणावर रंगवलेत.

धरणाच्या विसर्गाची बातमी फळ्यावर लिहायची तर क्युसेकचा आकडा, किती वाजताचा आणि कोणाकडून, तिन्ही हवं. तिन्हीतलं एक नसेल तर लिहायचं नाही, सांगणारा कितीही मोठा असो. ‘खडकवासल्यातून सोडलंय म्हणे’ या ‘म्हणे’ने माणसं अंधारात जिन्यावरून पडतात.

सराव वर्षातून एकदा, तीन तासांचा. सगळ्यांचे मोबाइल एका पिशवीत, पिशवी कपाटात. पहिल्या सरावात मी एक खोटा निरोप दिला, ‘इन्सुलिन ४ कुप्या, चौथा मजला’. कार्बन प्रत न लावता तोंडी गेला आणि चौघांनंतर ‘चौथ्या मजल्यावर १४ माणसं’ होऊन परत आला. त्या दिवशी आणखी एक दिसलं: एकाही पोराला आईचा नंबर पाठ नव्हता. आता प्रत्येकाच्या जॅकेटच्या खिशात तीन नंबरांचा कागद आहे, प्लॅस्टिकमध्ये.

पेटी आम्ही मृगाच्या आधीच्या रविवारी उघडतो. टॉर्च आणि वॉकीटॉकीमधले सेल बाहेरच ठेवलेले असतात, आत राहिले की पाझरून संच खातात. सेलवरची तारीख बघायची, कार्बन पेपर सुकलाय का ते ओरखडून बघायचं, पेन्सिलींना टोक करायचं, यादीतली घर सोडून गेलेली नावं खोडायची. नकाशावर यंदाची नवी बांधकामं आणि नवे पत्रे घालायचे. हे झालं की किल्ल्या त्या तीन घरांत परत.