बर्फातले बूट: जाड मोजे घालूनच माप बघा

उबदार म्हणून घेतलेल्या बुटातही पाय गारठतात, कारण बूट घट्ट असतो. दाबलेल्या पायात रक्त नीट फिरत नाही आणि लोकरीत अडकलेली उबदार हवाही निघून जाते.

१. बूट संध्याकाळी घ्या, तेव्हा पाय थोडे सुजलेले असतात. लोकरीचे जाड मोजे सोबत न्या.
२. लेस सैल ठेवून बोटं पुढे टेकवा. टाचेमागे एक बोट आरामात गेलं पाहिजे.
३. लेस बांधून उतारावर किंवा जिन्यावरून खाली या. बोटं पुढे आपटली किंवा टाच उचलली गेली तर तो बूट नको.
४. बुटाची जीभ (लेसखालची पट्टी) दोन्ही बाजूंनी शिवलेली हवी, नाहीतर वितळलेलं बर्फ तिथूनच आत शिरतं. बूट घोट्याच्या वर हवा.
५. तळ मऊ रबराचा, खाचा ४-५ मिमी खोल. कडक तळ थंडीत आणखी कडक होऊन घसरतो.

काचेसारख्या गोठलेल्या बर्फावर मात्र कुठलाच रबरी तळ भरवशाचा नाही. बुटावर चढवायचे खिळ्यांचे पट्टे जवळ ठेवा.

ओले बूट हीटरला टेकवू नका, तळाचा गोंद सुटतो. आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबा आणि ओले झाले की बदला.