लेहला पंप, घरात ऑक्सिमीटर: दम लागल्यावर होणाऱ्या या चुका टाळा

लेह-लडाखला निघालेल्या कुठल्याही ग्रुपच्या सामानाची यादी पाहा. कापराची पुरचुंडी, ऑक्सिजनचा कॅन आणि ‘असू दे, लागला तर’ म्हणून कुणा काकांकडून मागून आणलेला दम्याचा पंप. आणि घरात कुणाला दम्याचा झटका आला, की पहिली शोधाशोध होते ती ऑक्सिमीटरची. दोन्हीकडे घोळ एकच. दम लागला म्हणजे ‘ऑक्सिजन कमी पडतोय’ एवढंच आपण धरून चालतो. तो कशामुळे, हे पाहायचं राहूनच जातं.

हृदयाचा आजार, रक्त कमी असणं, घबराट यांनीही दम लागतो, पण इथे दोनच गोष्टी बघू: श्वासाची वाट अरुंद होणं आणि बाहेरच्या हवेचा दाब कमी असणं.

श्वास घेताना छाती आणि पोटामधला पडदा खाली सरकतो, फुफ्फुसातला दाब बाहेरच्यापेक्षा किंचित कमी होतो आणि हवा आपसूक आत येते. शांत बसलेलं असताना हा फरक पाण्याच्या जेमतेम एक सेंटिमीटर उंचीएवढा असतो. तेवढ्यावर अर्धा लिटर हवा आत येते, कारण नळ्या मोकळ्या असतात. नळी आकसली की हिशेब फार झपाट्याने बिघडतो. पॉइझॉय या फ्रेंच डॉक्टरने एकोणिसाव्या शतकात मांडलेल्या नियमानुसार नळीची त्रिज्या निम्मी झाली, तर अडथळा दुप्पट नाही, सोळा पट होतो. खऱ्या फुफ्फुसात हवा इतकी शिस्तीत वाहत नाही, त्यामुळे आकडा तंतोतंत लागू पडत नाही. पण थोड्याशा सुजेने माणूस घामाघूम का होतो, ते यातून कळतं.

‘९८ आहे, मग काही नाही’

दम्यात ही समजूत सगळ्यात महागात पडते. नळ्या आकसल्या तरी माणूस जोर लावून हवा ओढत राहतो आणि बराच वेळ ऑक्सिमीटरवर आकडा चांगला दिसतो. तो घसरतो तोवर रुग्ण दमून गेलेला असतो. म्हणून यंत्राआधी माणसाकडे बघा. एक वाक्य सलग बोलता येतंय की दोन-दोन शब्दांवर थांबावं लागतंय? मानेच्या शिरा ताणल्यात का? बरगड्यांमधली कातडी आत ओढली जातेय का? छातीतली शिट्टी थांबली पण माणूस आणखी मलूल झाला, तर ते बरं होण्याचं लक्षण नाही. हवा जवळपास आत-बाहेर होत नाहीये. यातलं काही दिसलं तर थेट दवाखाना गाठा.

नळ्यांचा अंदाज हवा असेल तर पीक फ्लो मीटर ठेवा. जोरात फुंकायचं, तीनदा, आणि त्यातला सर्वांत मोठा आकडा लिहून ठेवायचा. बरं असतानाचा आपला सर्वोत्तम आकडा माहीत हवा. त्याच्या निम्म्याखाली आलात तर वाट बघत बसू नका. दम्याच्या घरात हे साधं नळकांडं ऑक्सिमीटरपेक्षा जास्त कामाचं आहे, असं माझं ठाम मत आहे.

झटका आलेल्याला आडवं झोपवू नका. बसवा, किंचित पुढे झुकू द्या. ‘जोरात श्वास सोड’ असंही ओरडू नका. जोर लावून सोडताना छातीतला दाब बाहेरून त्या नळ्यांनाच दाबतो आणि हवा आत अडकते. शिट्टी वाजवताना करतो तसा ओठांचा चंबू करून सावकाश सोडला, तर आतून थोडा दाब राहतो आणि नळ्या मिटत नाहीत. जुन्या विडी-सिगारेटवाल्यांच्या फुफ्फुसाच्या आजारात तर याचा फार उपयोग होतो.

पंप एक, पद्धत दुसऱ्याची

फवाऱ्याचा पंप आणि कॅप्सूल घालून ओढायचं यंत्र, दोन्हींना आपण ‘पंप’च म्हणतो आणि तिथेच चुकतं. फवाऱ्याचा असेल तर हलवा, आधी श्वास पूर्ण सोडा, तोंडात धरा, हळू आत ओढायला सुरुवात करतानाच दाबा, ओढत राहा आणि दहा सेकंद रोखा. घाईने ओढलं तर औषध घशाच्या मागच्या भिंतीवर आपटून तिथेच राहतं. स्पेसर, म्हणजे पंपाला जोडायचं पोकळ नळकांडं, लावला की दाबणं-ओढणं जुळवायची कटकट मिटते. तो फक्त लहान मुलांसाठी असतो, हा गैरसमज आहे. कॅप्सूलच्या यंत्राचं उलट: तिथे पावडर तुमच्याच श्वासाच्या ओढीने उडते, म्हणून जोरात आणि खोल ओढायचं. त्यात फुंकू नका, ओलाव्याने पावडर चिकटते. स्टेरॉइडचा पंप असेल तर नंतर चूळ भरा.

उंचीवर

‘वर ऑक्सिजन कमी असतो’ हे अर्धंच खरं. लेहलाही हवेत ऑक्सिजन २१ टक्केच आहे. कमी आहे तो दाब: समुद्रसपाटीला पाऱ्याचे ७६० मिलिमीटर, तर साधारण ३५०० मीटरवरच्या लेहला ५०० च्या आसपास. ऑक्सिजनला रक्तात ढकलणारा जोरच तेवढा घटतो. नळ्या मात्र मोकळ्या असतात. उलट विरळ हवा त्यातून अधिक सहज वाहते. मग नळ्या उघडणारा पंप काय करणार? दमेकऱ्याने तो जरूर न्यावा, कारण थंड कोरडी हवा झटका आणू शकते. इतरांनी उसना नेऊ नये.

कापूर हुंगल्यावर नाकात गार वाटतं आणि मोकळं झाल्याचा भास होतो. दाब आणि ऑक्सिजन जागच्या जागी राहतात. कोरोनात कापूर-ओवा-लवंगेच्या पुरचुंडीने ऑक्सिजन वाढतो म्हणून जे फिरत होतं, तेही असंच निराधार होतं. लहान मुलांच्या हाती तर कापूर लागूच देऊ नका, पोटात गेला तर फिट येऊ शकते. ऑक्सिजनच्या छोट्या कॅनचा खेळ काही मिनिटांचा.

विमानाने लेहला उतरलात तर पहिले दोन दिवस विश्रांती घ्या. तिथे धडधाकट माणसाचाही ऑक्सिमीटरवरचा आकडा नव्वदीखाली दिसू शकतो, त्याने हबकून जाऊ नका. पण बसल्या जागी दम, खोकला, निळसर ओठ, चालताना तोल जाणं किंवा असंबद्ध बोलणं दिसलं, तर सकाळची वाट न बघता खाली उतरा. उंचीचा त्रास टाळायची डायमॉक्सची गोळी निघण्याआधी डॉक्टरांना विचारूनच घ्या. आणि कळसूबाईवर धापा टाकल्यात तर दोष हवेला देऊ नका. १६४६ मीटरवर दाब एवढा घटत नाही. जिने चढायची सवय करा.

पाण्यात

मालवण-तारकर्लीला स्नॉर्कलची, म्हणजे तोंड पाण्यात ठेवून श्वास घ्यायची, नळी लांब केली तर आणखी खोल जाता येईल, अशी शक्कल काहींना सुचते. एक मीटर खोल गेलात की छातीवर पाण्याच्या १०० सेंटिमीटर उंचीचा जादा दाब येतो, आणि घरी बसून आपलं एका सेंटिमीटरवर भागत होतं. नळीतून श्वास ओढताच येणार नाही.

स्कुबात सिलिंडरची हवा भोवतालच्या दाबाला जुळवून मिळते, म्हणून श्वास घेता येतो. धोका वर येताना असतो. दहा मीटरवर भरून घेतलेली हवा पृष्ठभागावर दुप्पट जागा मागते, म्हणून वर येताना श्वास रोखायचा नाही. ज्याच्या नळ्या आकसल्यात, त्याने तोंड उघडं ठेवूनही ती हवा आत अडकू शकते आणि फुफ्फुस फाटू शकतं. केंद्रावर भरून घेतात त्या फॉर्ममध्ये दम्यापुढे ‘नाही’ अशी खोटी खूण करू नका. दमा असेल तर सहल ठरवतानाच डॉक्टरांना विचारा.